बोंबलांच्या माहेरची पुस्तकं

पुस्तकांची बोंबलांइतकी काळजी घेणारा माणूस सबंध डहाणू तालुक्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. धाकटी डहाणूचे सुक्या मासळीचे व्यापारी. सगळे त्यांना काका म्हणत. सुकट बांधायला ते रद्दी घेत, पण तिच्यात अख्खं पुस्तक निघालं की फाडायला हात धजत नसे. "कोणी डोकं खपवून लिवलंय, त्यात जवला कसा बांधू?" पावसाळ्यात दमटलेली ही पुस्तकं मग ऊन पडताच बोंबील वाळवायच्या बांबूंवर चढत, मधोमध उघडून, बोंबलांना खेटून.

आमचं कॉलेज नवीन निघालं तेव्हा ग्रंथालयात कपाटं होती, खुर्च्या होत्या, कडक इस्त्रीच्या साडीतली ग्रंथपाल म्हणून मी होते. नव्हती ती फक्त पुस्तकं. काकांनी ती टेम्पो भरून आणली, मासळीच्या टोपल्यांतून. मी नाकाला पदर लावून "आभारी आहोत" म्हटलं. तेव्हा मी इतकी शिष्ट होते की आज भेटले तर स्वतःशी बोलणार नाही. त्याच दुपारी आवारातली झाडून सगळी मांजरं कपाटासमोर येऊन बसली. इतके एकाग्र वाचक मला पुढे नोकरीभर मिळाले नाहीत. डांबराच्या गोळ्या झाल्या, अगरबत्त्या झाल्या. शेवटी मी पुस्तकं मागच्या कपाटात कोंबून कुलूप ठोकलं.

काका मात्र दर बाजाराच्या दिवशी यायचे, लेकीच्या सासरी यावं तसे. चपला बाहेर, हातात चिकूंची पिशवी, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकलेले. पाण्यालासुद्धा हात लावत नसत. "लेकीला पोर होईस्तोवर तिच्या घरचं पानी पिऊ नये, बाय." मग हळूच विचारायचे, "नांदतात ना गो पोरी?"

"नांदतात हो, काका," मी बिनदिक्कत सांगायचे.

एकदा मात्र एका मांजराने घात केला. मागच्या कपाटाचं दार ते पंजाने ओरबाडत होतं. काकांनी मांजराकडे पाहिलं, मग कुलपाकडे. चेहरा उतरला.

"बाय, लेक दिली ती नांदायला. कोंडायची असेल तर परत धाड. माहेर अजून बुडालं नाय."

मी किल्ली काढून कपाट उघडलं. वास व्हरांड्यापर्यंत गेला. सायवनहून येणारी एक मुलगी रोज उंबऱ्यावरूनच परत फिरायची, ती आत डोकावली. "मॅडम, आमच्या चुलीपाशी येतो तसाच वास येतो इथे!" म्हणाली, आणि स्वतःच्या घरात शिरावं तशी शिरली. एक जाडसं पुस्तक छातीशी धरून ती फाटकाबाहेर जाईपर्यंत काका बघत राहिले. मग खुर्चीत मागे रेलून बसले, पहिल्यांदाच ऐसपैस.

"झाली गो, पोर झाली! आता आन पानी!"

एका दमात तांब्या रिकामा केला त्यांनी. मिशा पुसल्या, की डोळे, ते मी पाहिलं नाही.

काकांना जाऊन बराच काळ लोटला. परवा कॉलेजात गेले होते, त्यांचं तेच जाडसं पुस्तक शोधायला. फळीवर त्याची जागा रिकामी. "आजी, ते वाचायला गेलंय कुणीतरी," नवी ग्रंथपाल म्हणाली. कुणी बघत नाही असं पाहून मी त्या फटीत नाक घातलं. वास काही आला नाही.

मग खुर्चीच्या कडेवर टेकले आणि त्या ग्रंथपाल मुलीकडे पाणी मागितलं.