चौथ्या मिनिटाला

मी ड्रिलिंग इंजिनियर. दाब, खोली, घनता... आकड्यात बसत नाही ते अस्तित्वातच नाही, असं मानूनच नोकरी केली. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची टिंगलही भरपूर केली. आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे, बोईसरला मुलाकडे असतो. हे लिहिल्याशिवाय जायचं नाही, म्हणून लिहितोय.

ऐंशीच्या दशकात मी समुद्रातल्या एका तेल-रिगवर प्रमुख होतो. इंजिनियरिंग करून आलेले ट्रेनी माझ्या हाताखाली वर्षभर असायचे. प्रत्येकाकडे एक ट्रेनिंगची वही. एकेक काम नीट जमलं की त्या ओळीपुढे मी सही करायची. सगळ्या सह्या झाल्या की नेमणूक पक्की.

दिनेश सातपाटीचा. वडील होडीवरच बुडून गेलेले, आई मासळी विकायची. आळीतला पहिलाच इंजिनियर. त्याची एकच सही राहिली होती – विहीर वाहते का ते तपासणं.

काम साधं असतं. विहिरीत जड चिखल फिरत असतो, त्याला आम्ही मड म्हणतो. पंप बंद केले की मड थांबला पाहिजे. थांबला नाही तर खालून गॅस ढकलतोय. पंधरा मिनिटं उभं राहून बघायचं, बस.

त्या दुपारी आम्ही कामात तीन दिवस मागे होतो. दिनेश मडच्या पाईपच्या तोंडाशी हात धरून उभा होता. ड्रिलर ओरडला, "क्या सातपाटीकर, मछली फँसी क्या?"

"हाँ उस्ताद, बडी है," दिनेश हसून म्हणाला. मग माझ्याकडे वळला. हसू गेलेलं. "सर, वाहतोय. बारीक आहे, पण वाहतोय."

पाईपच्या तोंडाशी बारीक धार होती. मी घड्याळ पाहिलं. चौथं मिनिट.

"काही नाही रे. उष्णतेने फुगतो मड. चल, विहिरीतला पाईप काढायला सांग त्यांना."

"सर, अजून अकरा मिनिटं –"

"दिनेश, सही पाहिजे ना?"

त्याने धारेखालचा हात काढून घेतला. तासाभरात गॅस वर आला. विहीर बंद केली, बाकी सगळे वाचले. दिनेश नाही.

आम्ही दोघं मराठीत बोललो होतो. तिथे दुसऱ्या कुणाला मराठी येत नव्हतं. अहवालात मी लिहिलं – तपासणी ट्रेनीकडे होती, मड वाहत असल्याचं त्याने कळवलं नाही. वहीतली ती ओळ कोरीच ठेवली.

महिन्याभराने त्याची ट्रंक घेऊन मी सातपाटीला गेलो. भर दुपार. दारात बोंबील वाळत होते. आईने वही उघडली, वाचता येत नसूनही एकेका सहीवरून बोट फिरवलं. शेवटच्या पानावर थांबली.

"सायेब, हितं सई नाय. ह्ये त्याला येत नव्हतं?"

मी म्हणालो, "नव्हतं. त्या दिवशी तेच काम त्याच्याकडे होतं."

तिने वही मिटली. मग म्हणाली, "मंग त्याच्यापायी बाकीची पोरं पण मेली असती... माफ करा सायेब. माज्या पोराला माफ करा."

आणि ती मला पाणी द्यायला उठली.

ओट्यावर माठ होता. वर नळ नाही, पन्हळ नाही. काठावरून पाण्याची बारीक धार उतरत होती.

"बगा ना. पोरगा गेला तवापासून असंच. मी भरत पण नाय. तुमी विंजनेर, हे काय हाय?"

मी तांब्याभर पाणी काढून अंगणात ओतलं. सवयीने घड्याळाकडे बघत राहिलो. पाणी वर चढत होतं. चौथ्या मिनिटाला काठावर आलं आणि वाहू लागलं.

"काही नाही, मावशी," मी म्हणालो. "उष्णतेने फुगतं पाणी."

माझं तोंड ते वाक्य बोलत होतं... आणि मला दिनेशचा चेहरा दिसत होता. पाणी न पिता मी उठलो. तिने मुलांसाठी म्हणून सुक्या बोंबलांची पुडी हातात दिली. ती मी घेतली.

पुढे कित्येक वर्षं त्या वाटेला गेलो नाही. मावशी वारल्याचं उशिरा कळलं, तेव्हा गेलो. तिच्या पुतणीने वही आणून दिली. मी माठाचं विचारलं.

"शेवटपर्यंत वाहत व्हता. आमी बोलायचो, भगताला दाखव. तर ऐकायची नाय. बोलायची, विंजनेर सायबानं सोता बगितलंय, काय नाय ते. ती गेली त्या सकाळी आटला."

परवा मी त्या ओळीपुढे सही केली. दिनेशला ते काम येत होतं. त्याने मला वेळेवर सांगितलं होतं. अहवाल खोटा आहे, आणि तो मी लिहिला आहे.

माठातलं पाणी का चढत होतं, ते मला आजही सांगता येत नाही. पण रिगवर आणि मावशीच्या ओट्यावर, दोन्ही वेळा वाहताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा "काही नाही" म्हणालो होतो.