जावयाचं आडनाव

दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये कुणाचं मराठी कानावर पडलं, की माझ्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ लगेच आडनाव विचारतात. त्यावरून जात कळली नाही तर पुढचा प्रश्न, "मूळचे कुठले?" तरीही नाही कळली, तर ते त्या माणसाबरोबर त्याच्याच मजल्यावर उतरतात.

त्यांच्या मुलीला सुतार आडनावाच्या एका आर्किटेक्टचं स्थळ आलं होतं. "मुलगा सोन्यासारखा आहे हो," ते मला म्हणाले, "पण आपल्यात नाही बसत. खलास." मग मुलीने ऑफिसमधलाच एक जर्मन निवडला, त्सिमरमान आडनावाचा. आठवडाभर धुसफुसून गृहस्थ अचानक खुलले. "काय भारदस्त आडनाव आहे. तिकडचे सरदारच असणार."

साखरपुड्याच्या जेवणात मला राहवलं नाही. मी त्या मुलाला आडनावाचा अर्थ विचारला. "कार्पेंटर," तो आनंदाने म्हणाला. 'त्सिमर' म्हणजे आज खोली, पण पूर्वी घरबांधणीचं लाकूड, आणि ते काम करणारा तो त्सिमरमान. गृहस्थांच्या हातातला बासुंदीचा डाव हवेतच राहिला. मुलगी म्हणाली, "सो कूल, ना बाबा?"

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एक नवा मराठी भाडेकरू भेटला. "आमच्या जावयाचं घराणं पिढीजात कन्स्ट्रक्शनमधलं. जर्मनीत," गृहस्थ त्याला सांगत होते. "बरं, तुमचं आडनाव काय म्हणालात?"