स्टिकवर ठेवलेला हात

मुलगी नोकरीसाठी नागपूरला गेली, तेव्हा फुलचूरच्या आमच्या घरात तिचा कॉम्प्युटर, जॉयस्टिक आणि अंतराळयान चालवण्याचा एक खेळ मागे राहिला. धूळ बसू नये म्हणून मी ते सुरू करायचो. पुढे मलाच गोडी लागली. या खेळात शत्रू नसतो, गोळीबार नसतो. काळ्या पोकळीत यान सावकाश न्यायचं आणि फिरत्या स्थानकाला जोडायचं, एवढंच काम.

ते मला जमत नव्हतं. जोडणी अगदी जवळ आली की यान थरथरायचं.

मी राईस मिलमध्ये हिशेब पाहतो. धानातला ओलावा मोजायचं यंत्र माझ्याच टेबलावर असतं. त्याच्या आकड्यावर कुणी भांडायला आलं तर मी आधी नमुना बदलतो, मग यंत्र पुसतो, मग पुन्हा मोजतो. कारण सापडल्याशिवाय आकडा दुरुस्त करायचा नाही, हा माझा नियम. म्हणून एका रविवारी दुपारी मी खेळ बाजूला ठेवला आणि स्टिकच्या सेटिंगमध्ये शिरलो.

तिथे एक चौकोन असतो. त्यात एक फुली. स्टिक हलवाल तशी फुली हलते, आणि बाजूला टक्के दिसतात. स्टिक डावी-उजवी केली की यानाचं नाक वळावं, मनगट पिळलं की यान स्वतःभोवती फिरावं, अंगठ्याच्या बटणाने वेग कमी व्हावा, हे सगळं मी एकेक करून बसवलं. प्रत्येक हालचालीला फुली बरोबर जात होती. मग हात तसाच स्टिकवर ठेवून मी खुर्चीत मागे टेकलो, आणि फुली हलू लागली.

उणे दोन, अधिक दोन. उणे तीन, अधिक तीन. ठेका धरल्यासारखी.

मी कूलर बंद केला. टेबल हादरत असेल. फुली हलतच राहिली. पंखाही बंद केला. घरात एवढी शांतता झाली की दूरवरच्या मालगाडीचा आवाज आला. फुली हलत होती. मी हात काढला. फुली मधोमध जाऊन थांबली. हात ठेवला, जरा वेळ काही नाही, आणि मग पुन्हा, कुणीतरी आतून हळू ठोकावं तशी.

मुलीला फोन लावला.

"बाबा, स्टिक पुरानी झाली. डेड झोन वाढवा."

"म्हणजे?"

"मधल्या छोट्या हालचाली मशीन मोजतच नाही. पाच टक्के ठेवा, सब शांत. नाहीतर मी नवीन मागवते."

"कारण न पाहता आकडा झाकायचा?"

"बाबा, खेळ आहे. धानाचा ट्रक नाही."

मी बायकोला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी आली.

"कणिक मळून राहिली मी, अन् तुमी मले खेळाले बोलावता?"

"हात पूस अन् हे धर. काही करू नको, फक्त हात ठेव."

"येवढ्यासाठी?" म्हणत तिने हात ठेवला. फुली शून्यावर उभी राहिली. मी बराच वेळ पाहिलं. हलली नाही. मग मी डावा हात ठेवला. शून्य. उजवा ठेवला.

आकडे सुरू झाले.

मी हाताकडे पाहिलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. हात माझाच होता, स्थिर होता, आणि पडद्यावर तो हलत होता. बायको पडद्याकडे पाहत नव्हती. ती माझ्या अंगठ्याकडे पाहत होती. "कणिक सुकते," म्हणून ती आत गेली.

माझ्या वडिलांची शेती कामठ्याला. धान वाळला की नाही, हे ते दाणा अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळून सांगत. पुढे पुढे ते नुसते बसले तरी बोटं चोळली जायची. आम्हाला वाटायचं, सवय आहे. गावातले मित्र चिडवत, "काऊन गा, भर उन्हाळ्यात कोणता धान पाहून राहिला?" तेही हसत. कामाला हात लावला की बोटं थांबत; रोवणीच्या त्यांच्या ओळी शेवटपर्यंत सरळ होत्या. म्हणून कुणालाच काही वाटलं नाही. आम्ही सगळे धानवाले, आम्हाला त्या बोटांत धानच दिसला. डॉक्टरकडे नेलं तेव्हा ते दारातून जाताना पाय उचलायलाही अडखळत होते. "कंपवात आहे. फार उशिरा आणलं," एवढंच डॉक्टर म्हणाले.

मी डेड झोन पाच टक्क्यांवर नेला. फुली गप्प झाली. यान पोकळीत सुरू केलं. तारे जागच्या जागी. स्टिकवर माझा हात होता, आणि यंत्राच्या लेखी तिथे कुणीच नव्हतं.

बायकोने चहा आणून ठेवला. कप अर्धाच भरलेला होता.

माझी आई वडिलांना असाच कप द्यायची. विचारलं तर म्हणायची, गरम राहते. चहा बशीत सांडू नये म्हणून ती असं करायची, हे आम्हाला नंतर कळलं. बायको तेव्हा नवी सून होती. चहा तीच गाळायची.

"कप अर्धा काऊन?" मी विचारलं.

"गरम राहते," ती म्हणाली, आणि लगेच खाली पाहिलं.

"कवापासून असा देऊन राहिली?"

"दिवाळीपासून."

"अन् मले सांगितलं नाही?"

"तुमी कवा विचारलं? अन् मी काय म्हणू जी? तुमच्या बाबाजीवानी दिसून राहिलं म्हणू?"

ती पदराला हात पुसत उभी राहिली. हात कधीचे कोरडे होते. बरेच महिने मी तोच अर्धा कप पीत होतो, आणि मिलमध्ये लोकांच्या ट्रकांतला ओलावा दशांशापर्यंत मोजत होतो.

मी सेटिंग उघडलं आणि डेड झोन शून्यावर आणला. फुली हलू लागली. या वेळी बायकोनेही पडद्याकडे पाहिलं. उणे तीन, अधिक तीन. मी फोन स्पीकरवर ठेवून मुलीला लावला.

"झालं का बाबा? की नवीन मागवू?"

"नको मागवू. स्टिक चांगली आहे."

"मग खराबी काय होती?"

बायकोने माझ्या हातावर हात ठेवला. फुली क्षणभर थांबली, आणि मग दोघांच्या हाताखाली पुन्हा सुरू झाली. मी मुलीला सांगायला सुरुवात केली.