माठातलं पाणी

कॉलेजच्या प्रकल्पासाठी गोदावरीच्या खोऱ्यातल्या विहिरींचं पाणी तपासत आम्ही हरसूलकडे फिरत होतो. एका घरी मावशींनी तांब्या पुढे केला. वाळ्याचा वास आला आणि मी तांब्या तसाच खाली ठेवला.

मी चौथीत असताना आमच्या विहिरीचं पाणी तपासायला एक साहेब आले होते. दमून ओट्यावर बसले आणि बाटली माझ्या हातात दिली, "जा, विहिरीवरून भरून आण." आईने मला दारातच अडवलं. "येडी का गं? ते लय गढूळ हाय. सायबाला तसलं देती का? माठातलं दे." धाकट्या भावाचं पोट नाजूक, म्हणून माठात उकळून गाळलेलं पाणी असायचं, वर वाळा घातलेला. मी तेच भरलं. साहेबांनी बाटली उजेडात धरली, "वा!" म्हणाले. मला केवढा अभिमान वाटला!

विहिरीचं पाणी पिण्यायोग्य असल्याचा कागद आला. "उगंच सरपण जाळीत होते मी," असं म्हणून आईने पाणी उकळणं सोडलं. त्या पावसाळ्यात धाकट्याला दोनदा सलाईन लावावं लागलं. त्या पाण्यामुळेच का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. पण डोक्यातून जातही नाही.

मावशी आमची नमुन्याची बाटली भरायला घेऊन आत वळल्या. मी धडपडत उठले. "आत नको, मावशी! बादली कुठंय? मीच काढते."

तो कागद आईने अजून जपून ठेवलाय. तिला हे कसं सांगू?