हाक मारायचं नाव

प्रेमलता नागपूरच्या तांडापेठेतल्या घरी परतली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि डोकं उन्हानं भणभणत होतं. पेन्शनच्या कचेरीची आठ महिन्यांतली ही अकरावी फेरी. नवरा ईश्वरदास गेला, पेन्शन तिच्या नावानं व्हायची होती, आणि नेमकी तिची नावं दोन निघाली.

उमरेडच्या कोष्ट्याघरी ती जन्मली भागीरथा म्हणून. सातवीच्या दाखल्यावर तेच. लग्नात ईश्वरदासनं ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'प्रेमलता' लिहिलं, बाया हसल्या, आणि नाव बदललं. तिला कोणी विचारलं नाही. नाव वाईट नव्हतं, पण पहिलं वर्षभर कोणी हाक मारली तरी ती वळायचीच नाही. सासू म्हणायची, "पोरगी बहिरी हाय का वं?" हळूहळू ती वळायला शिकली. पण ईश्वरदासनं नोकरीच्या कागदात शाळेचा दाखला पाहून भागीरथा लिहिलं होतं, आणि आधार कार्डावर होती प्रेमलता. या दोघी एकच बाई आहेत, हे आता तिला सिद्ध करायचं होतं. आजच्या साहेबानं सांगितलं, नावातला बदल राजपत्रात छापून आणा.

घरात उद्याच्या बारशाची गडबड होती. मुलगा अंकुर मोबाईलमधून नावं वाचत होता. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून लेक काजल सकाळीच येऊन बसली होती. सून वैदेही बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती.

"नूपुर ठेवू," काजल म्हणाली. "किती गोड हाय."

"शाळेत पोट्टे नूपुर-नागपूर करून चिडवतीन," अंकुर म्हणाला. "मले तर गार्गी आवडते."

"गार्गी भारदस्त वाटते गा. एवढूशी तं हाय ते."

प्रेमलता माठातलं पाणी प्यायली आणि कूलरपुढे पाय पसरून बसली. तिला फक्त पडायचं होतं.

"आई, तुम्ही सांगा न," वैदेही म्हणाली.

"मले काय विचारता? जे ठेवान ते ठेवा."

वैदेहीनं थोडा वेळ सासूकडे पाहिलं. "आई, भागीरथा ठेवलं तर? तुमचंच नाव. म्हणजे ते घरात राहील."

प्रेमलताचे डोळे भरून आले, पण तिनं मान हलवली. "नको वं माय. त्या नावानं मी लई फिरली. थकलं आता ते. लेकराले कोरं नाव द्या, तिचं तिचं."

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दाराशी गेली. गल्लीत ऊन नुसतं पेटलं होतं. तिथं उभी राहून तिनं बसक्या आवाजात हाक मारली, "नूपुऽर!" शेवटचा 'र' ओठांपाशीच विरला. दम घेऊन ती पुन्हा ओरडली, "गार्गीऽऽ!" हाक लांबत पार कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत गेली. ठेल्यावरच्या माणसानं मान वर करून पाहिलं.

"काय करून राहिली आई?" काजलनं विचारलं.

"पोरगी खेळाले गेली की दिवसातून दहादा हाक मारा लागते. दमल्या जिवानं मारली तरी पोचली पायजे."

काजल थोडी रुसली, मग हसली. "बरं. गार्गी."

"अन् एक ऐक," प्रेमलता अंकुरला म्हणाली. "हिच्या लग्नात ताटात तांदूळ आले, तं कोणाले लिहू देऊ नको."

"नाही देणार."

दुसऱ्या दिवशी काजलनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायांनी पाळणा म्हटला, घुगऱ्या वाटल्या. संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर वैदेहीनं बाळ प्रेमलताच्या कुशीत ठेवलं. प्रेमलतानं एकदा हलकेच "गार्गी" म्हटलं. पोर झोपेतच राहिली. प्रेमलतालाही तिथंच झोप लागली.