कॅसेटच्या शेवटचं जादा गाणं

ती केस मी विसरलो असं म्हटलं तर खोटारडा ठरेन. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती आणि समुद्रापारच्या आमच्या बेटावर मी मोका भागात इन्स्पेक्टर होतो. गणेश चतुर्थी तोंडावर आलेली. एका सोमवारी मोंतान्य ब्लांश गावातली एक म्हातारी विधवा घरात मरून पडलेली सापडली. डोक्यात जड वस्तूचा घाव होता. डॉक्टरांच्या मते मृत्यू रविवारी दुपारचा. टेबलावर टेपरेकॉर्डर, आत कॅसेट. दोन्ही मुद्देमालात जमा केली, नोंद झाली.

खबर दिली ती म्हातारीच्या भाच्याने. तो आमच्या देवळाच्या मंडळाचा सचिव, मुलांना मराठी शिकवायचा, गळाही गोड. म्हणाला, "दादा, महिनाभर मावशीकडे फिरकलो नाही, हेच मनाला लागलंय. पण तिच्या उसातल्या गड्याला तिने कामावरून काढलं, तेव्हा तो 'बघून घेतो' म्हणाला होता." रडत होता हो! मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आपला माणूस, त्याचा जबाब काय तपासायचा?

गड्याला उचलला. "मो पा ती तूय ली, मिस्ये," म्हणजे साहेब, मी तिला मारलं नाही, एवढंच तो घोकत राहिला. भांडण झालं हे मात्र कबूल करत होता, आणि माझ्या डोक्यात तेवढंच बसलं. मी त्याला बसू दिलं नाही, झोपू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने कबुलीजबाबावर मी दाखवलं तिथे अंगठा उठवला. तेव्हा आमच्याकडे खुनाला फाशी होती. बाहेर बाकावर त्याची आई बसून होती. तिला मीच जाऊन सांगितलं, "बाई, तुझ्या मुलाने खून कबूल केलाय." ती ओढणी सावरून निघून गेली.

काही आठवड्यांनी कोर्टाच्या तयारीसाठी मुद्देमाल तपासताना हवालदाराने ती कॅसेट लावली. सिनेमाची गाणी होती. ती संपली आणि आपण गणपतीत गातो ती झाकरी सुरू झाली. हवालदार म्हणाला, "आयो! सर, हीच कॅसेट माझ्या घरी आहे, फ्लाकच्या बाजारात घेतलेली. तिच्यात हे गाणं नाही." भाच्याचा तो गळा मी दर रविवारी देवळात ऐकत होतो. मी कॅसेट काढून उलटून पाहिली.

कॅसेटवर रोझ हिलच्या एका दुकानाचा शिक्का होता. दुकानदार मोठ्या कौतुकाने सांगू लागला, "मिस्ये, ती आमची खास भेट. चतुर्थीसाठी गाणं इथेच मागच्या खोलीत भरलं आणि उरलेल्या फितीवर चढवलं. दुसऱ्या दुकानात शोधून दाखवा!"

"विकायला कधी काढली?"

"चतुर्थीआधीच्या शनिवारी. पहिली गाणाऱ्यालाच दिली. मावशीला ऐकवायची म्हणाला."

म्हणजे खुनाच्या आदल्या दिवशी.

भाच्याला बोलावून समोर टेप सुरू केला. विचारलं, "महिनाभर गेला नव्हतास ना? मग ही तिच्या घरात कशी आली?" त्याने गाणं पुरतं ऐकलं. मग म्हणाला, "तिला फार आवडलं, दादा. खूश दिसली म्हणून मी तेव्हाच जमीन माझ्या नावावर करायचा कागद पुढे केला. तर म्हणाली, जमीन आपल्या मुलीला देणार." उसात फेकलेला लोखंडी बत्ता त्यानेच काढून दिला.

ओळखीच्या माणसाचा जबाब सगळ्यात आधी तपासावा आणि थकवून घेतलेल्या कबुलीला पुरावा म्हणू नये, हे या केसने मला शिकवलं. पुढे नव्या पोरांना मी हेच बजावत आलो. पण मला ही अक्कल आली ती दुसऱ्याच्या जिवावर, आणि याची मला लाज वाटते.

गड्याला सोडायला मी स्वतः गेलो. "सुटलास," म्हटलं. त्याने पहिला प्रश्न केला, "आईला सांगितलंत?"

त्याची आई आठवड्यापूर्वीच गेली होती. आदल्या दिवशी मी तिला सांगायला गेलो, तेव्हा शेजारीण म्हणाली होती, स्टेशनवरून परतल्यापासून ती कुणाला दार उघडत नव्हती, अन्नाला शिवत नव्हती. तुरुंगात त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं.

त्याने मग विचारलं, "म्हणजे ती मला खुनी समजूनच गेली?"

मी हो म्हणालो.