नारळाच्या झावळ्या कमानीवर

आज सकाळी दुकानात बसलो असताना घरामागून कोयत्याचा आवाज आला. सात उन्हाळे ओली पोती गुंडाळून अकोल्याच्या उन्हात जगवलेला माझा नारळ!

धावलो. शेजारच्या रमेशभाऊंनी मुलीच्या लग्नाच्या कमानीसाठी खालच्या सगळ्या हिरव्या झावळ्या उतरवल्या होत्या.

"काहून तोडल्या, भाऊ?"

"लोंबून राहिल्या होत्या, झाड साफ करून देल्लं. तसाही आपल्याकडे नारळ लागते कुठी?"

अहो, यंदा पहिल्यांदा फुलोरा आला होता, त्याच झावळ्यांच्या आडोशाला! आता तो उघडा पडलाय आणि अख्खा मे बाकी आहे.

वरून म्हणतात, "संध्याकाळी लग्नाले नक्की या."

पोरीले आशीर्वाद द्यायचाच आहे. पण त्या कमानीखालून जाऊ कसा? तुम्ही गेला असता?